पहिल्यांदा ऐकलेले आवाज

तिने दवाखान्याचा पत्ता पुन्हा टाइप केला आणि पुन्हा तेच पान उघडलं. दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोटो नाही, वेळांचा तक्ता नाही. नुसत्या तारखा आणि त्यांपुढे एकेक ओळ.

"पेशंट विचारतायत, हे काय भलतंच लावलंय!" डॉक्टरीणबाई फोनवर फणकारल्या.

"दहा मिनिटं द्या, मॅडम."

सर्व्हर तीच सांभाळायची. एका यंत्रावर दोनशे वेबसाइट्स. सकाळी दवाखान्याचं नाव नोंदवताना तिच्या हातून एक अक्षर गळलं होतं. नाव जुळेना, म्हणून सर्व्हर येईल त्याला यादीतल्या पहिल्याच साइटवर नेऊन सोडत होता. दुरुस्ती क्षणाची. पण नजर खाली घसरली.

'आज कागद फाटल्याचा आवाज. दचकली, मग अख्खी वही फाडली.'

'आज स्वतःची पावलं. जिना सात वेळा उतरली.'

'आज आईचं हसणं. आईच्या तोंडावर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.'

'आज खुणेनं विचारलं, ऊन पडतं तर त्याचा आवाज का येत नाही?'

पाच वर्षांची मुलगी, कानामागे ऐकण्याचं नवं यंत्र, आणि बापाने टिपून ठेवलेले चारशे अकरा आवाज. वाचता वाचता तिचा हात माउसवर तसाच राहिला. डोक्यावरचा पंखा घरघरत होता. इतकी वर्षं त्याखाली बसून तिला ते ठाऊकच नव्हतं.

तिने अक्षर घातलं. दवाखाना जागेवर आला. मग तिच्या लक्षात आलं: त्या पानाचा पत्ता फक्त घरच्यांसाठी होता. चूक झाकून टाकली असती तर कुणाला कळलंही नसतं. तिने मुलीच्या बापाचा नंबर शोधून फोन लावला.

बाप सुतार होता. मागे रंधा चालल्याचं ऐकू येत होतं. तिने सगळं सांगितलं. "चूक माझीच. एकशे चौदा जणांनी पाहिलं. माफ करा."

रंधा थांबला. मग पावलं वाजली, फोन खडखडला.

"ताई," तो हळूच म्हणाला, "जरा बोलत राहता का?"

"म्हणजे?"

"स्पीकर लावून फोन पोरीच्या कानाशी धरलाय. घरच्यांखेरीज फोनवर कुणाचा आवाज तिने अजून ऐकला नाही."

पलीकडे बारीक श्वास ऐकू आला. तिने ओठ उघडले, मिटले, खुर्चीत सरळ बसली, आणि स्वतःचं नाव सांगितलं.