तेलाआधीचं रक्त

तंबूत मुंगी शिरायला जागा नव्हती. ढोल घुमत होते, बायका किलकाऱ्या मारत होत्या आणि ऊसतोडीने हाडं खिळखिळी झालेली एनग्वेनीची अख्खी टेकडी पाद्री सिफामांडलाच्या तेलासाठी लोटली होती. व्यासपीठावर प्लास्टिकचा टब. एचआयव्हीच्या गोळ्यांची बाटली त्यात टाकायची, कपाळाला तेल लावून घ्यायचं, की रोग पसार! आणि पुरावा? तोही रोख. सरकारी दवाखान्याचा शिक्का मारलेला कागद: 'विषाणू आढळला नाही.'

डॉक्टर नोक्वाझी खांबाला टेकून उभी होती. याच रोगावर तिने नऊ वर्षं काम केलं होतं. गोळ्या थांबवल्या की थोड्याच आठवड्यांत विषाणू बहुतेक सगळ्यांच्या रक्तात परततो, हे सांगणारा तिचा लेख तीन महिन्यांपूर्वी छापून आला होता. परदेशातल्या डॉक्टरांनी तो वाचला. या टेकडीवर कुणी वाचला? तिच्या मावसबहिणीने, थेंबेकानेही नाही. तिने सात दिवसांपूर्वी आपली बाटली त्या टबात टाकली होती आणि चार महिन्यांचं लेकरू तिच्या अंगावर पीत होतं. गोळी बंद राहिली तर दुधातून विषाणू बाळाकडे जाण्याची भीती होती.

दारावरचा सेवेकरी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होता.

"दवाखान्यात रक्त कधी दिलंत, मावशी?"

"झाले दहा दिवस."

"चला, पुढे तेलाला!"

पुढचा माणूस म्हणाला, "सहा महिने झाले असतील."

"तुमचा विश्वास अजून कच्चा आहे, काका. मागे बसा."

देवाच्या तेलाला रक्ताच्या तारखेशी काय देणंघेणं? नोक्वाझी चरफडली, आणि मग एकदम तिच्या डोक्यात उजेड पडला. दवाखान्यातून कागद यायला तीन आठवडे लागतात!

एवढ्यात पाद्रीने थेंबेकाला वर घेतलं. "बघा, माझ्या लेकरांनो! मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी कपाळं फोडून घेतली. इथे अर्ध्या चमच्यात काम फत्ते! तेल गेल्या रविवारी, कागद गुरुवारी! बोला, आता कुणाला शंका आहे?"

"मला आहे," नोक्वाझी ओरडली.

ढोल थांबले. पाद्री गोड हसला. "या, डॉक्टरीणबाई! तुमच्याच दवाखान्याचा कागद आहे. तुम्हीच वाचा."

ती वर चढली. "थेंबे, वाचू का गं?"

"वाच ना, ताई. मी बरी झालेय."

"विषाणू आढळला नाही. हे खरंय." तंबू दणाणला. ती आवाज चढवून म्हणाली, "आता वरची ओळ. रक्त घेतल्याची तारीख, तीस एप्रिल. आणि तेल कधी लावलंत, पाद्रीबुवा?"

पुढच्या रांगेतली मामखिझे आजी बोलून गेली, "सतरा मेला. मीच धरलं होतं की बाळाला."

"म्हणजे तेलाच्या बाटलीचं बूच उघडायच्या सतरा दिवस आधीच तेलाने गुण दिला?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. पाद्री गरजला, "देवाला तारखांचं बंधन नसतं!"

"मग तुमच्या दारावर तारखा कशाला विचारतात? ज्यांचा कागद यायचाच आहे तेवढेच पुढे, बाकीचे कच्च्या विश्वासाचे!"

मामखिझे आजी उठून उभी राहिली. "पण पोरी, तीस एप्रिलला विषाणू गेला कुठे?"

"गेला नाही, आजी. गोळीने त्याला दाबून ठेवलं, इतकं की तपासणीत दिसेना. तो अंगात लपून आहे. गोळी थांबली की बाहेर येतो." तिने कागद खाली केला. "चूक आमचीही आहे. 'आढळला नाही' म्हटलं की आमच्या नर्सेस टाळ्या वाजवून नाचतात. कशामुळे आढळला नाही, हे आम्ही समजावून सांगितलंच नाही. लेख लिहिले, पण तुमच्यासमोर बसून बोललो नाही. त्याची मला लाज वाटते."

थेंबेकाने कडेवरच्या बाळाला जवळ ओढलं. "ताई, बाळाला काही झालं असेल?"

"सात दिवसच झालेत. बहुधा नाही. पण खात्री देणार नाही, खोटं बोलायला मी काही पाद्री नाही. उद्या सकाळी दोघांचं रक्त तपासू."

"भजन सुरू करा!" पाद्री ढोलवाल्यांवर खेकसला. ढोलवाल्यांनी मान खाली घातली. त्यांतल्या एकाची बाटलीही त्याच टबात होती.

"प्रार्थना करा, मी अडवत नाही," नोक्वाझी म्हणाली. "पण चमत्काराचा कागद कुणी नाचवला, तर आधी तारीख वाचा आणि मग विचारा, त्या तारखेपर्यंत हा माणूस काय घेत होता? एवढं विचारायला डॉक्टर व्हावं लागत नाही."

एनग्वेनीत ती गोळी चारचौघांत कुणी घेत नसे. नवऱ्यापासून, सासूपासून लपवून बायका मोरीत जाऊन गिळत. थेंबेकाने बाळ आजीच्या हातात दिलं, टबात दोन्ही हात घालून आपल्या नावाची बाटली शोधली आणि सगळ्या तंबूसमोर झाकण उघडलं.

"पाणी द्या कुणीतरी," ती म्हणाली.