एकोणिसावा क्लॅरी

माझा नवरा क्लॅरी वॅराडेल गावाकडून आमचा ऑस्ट्रेलियन, हातानेही झेलायचा फुटबॉल खेळता खेळता म्हातारा झाला, आणि चौपन्न सालच्या हंगामात आमचा प्रशिक्षक मर्व्ह पिकेट याने त्याला एकोणिसावा करून टाकलं. मैदानात अठरा जण. एकोणिसाव्याने थंडी वाजू नये म्हणून लोकरी गाऊन घालून बाकावर बसायचं, कुणी जायबंदी झाला तरच उतरायचं. बाहेर आलेल्याला परत जाता येत नाही, मग मर्व्ह धडधाकट माणूस कशाला काढतोय! अख्खा हिवाळा क्लॅरी गाऊनमध्ये बसून राहिला. इतकी वर्षं हाडं मोडून घेतलेल्या माणसाचा हा शेवट? माझा जीव तुटायचा.

शेवटच्या सामन्याला नेहमीसारखी त्याने कवळी माझ्या रुमालात दिली.

"कशाला काढतोस? बाकावर कोण तुझे दात पाडणार आहे?"

"अशू दे गं," तो बोळक्या तोंडाने म्हणाला. "आज उतरलो नाही, तर कधीच नाही."

समोरच्या बुरंबूल गावाच्या संघाशी अगदी बरोबरी चालली होती. संपत आलं, आणि माझा धाकटा भाऊ ॲल्बी, आमचा हुकमी एक्का, पाय धरून कोसळला. मर्व्हने कपाळावर हात मारला. ॲल्बीला उचलून बाकावर आणताच क्लॅरीने गाऊन त्याच्या अंगावर फेकला आणि धावत सुटला.

देवाशपथ सांगते, भोंगा वाजता वाजता चेंडू त्यानेच झेलला. झेललेला चेंडू भोंग्यानंतरही मारता येतो. मधल्या दोन उंच खांबांतून गेला तर सहा गुण; कडेच्या बुटक्या खांबाच्या आतून, म्हणजे उंच नि बुटक्याच्या मधून, गेला तर एक.

क्लॅरीने जन्मभर मारला तसाच मारला. वाकडा! बुटक्याच्या आतून.

"अरे आंधळ्या!" मर्व्ह किंचाळला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. बरोबरीत एक गुणही पुरतो की!

लोकांनी क्लॅरीला खांद्यावर घेतलं. बाकावरचा ॲल्बी टुणकन उठून, गाऊन सावरत, सगळ्यांच्या पुढे धावला. मी त्याला गर्दीत गाठून कान धरला.

"पायाला काय झालं होतं रे?"

"कुठल्या पायाला, ताई?"

मला रडूच फुटलं. तेवढ्यात खांद्यांवरून क्लॅरी ओरडला, "उना, दात दे! फोटो काढतायत!"

आणि मी नेमका तोच रुमाल डोळ्यांना लावला होता, कवळीसकट.