तिरका झोत

एकसष्ट साली तिकडे कानडी मुलखात, कलासीपाळ्यात दामोदरशेठच्या शेडमध्ये मी कामाला लागलो, तेव्हा माझ्याकडे पुण्याचा डिप्लोमा होता, इस्त्रीच्या दोन पँटी होत्या आणि अक्कल सोडून बाकी सगळं होतं. शेडमध्ये जुन्या बसगाड्यांची बॉडी नवी करून मिळे.

जुना रंग काढायचं काम नागनाथअण्णांचं. माणूस निपाणीकडचा, पन्नाशीला टेकलेला. कॉस्टिकचं पाणी मारायचं, रंग फुगला की पट्टीनं खरवडायचा आणि मग पत्रा घासत बसायचं. एका बसला आठ दिवस लागत. दुपारी डबा उघडला की अर्धी भाकरी आणि शेंगाचटणी न विचारता माझ्यापुढे सरकायची. खानावळीच्या भाताला विटलेला मी ती हादडत असे. इतके सुखाचे दिवस मला पुढे मोठ्या पगारातही मिळाले नाहीत.

आणि याच माणसाच्या पोटावर पाय द्यायची टूम मी काढली. वाळूचा झोत मारून रंग उडवायचं यंत्र लष्कराच्या लिलावात निघालं होतं. मी शेठच्या इतकं मागे लागलो की त्यांनी ते कॉम्प्रेसरसकट उचललं.

"आयुधपूजेच्या आत कोलारची बस कोरी करून दाखव," शेठ म्हणाले. "जमलं तर नागनाथला दसऱ्यानंतर बोलवायचं कारण नाही."

अण्णा तिथेच उभे होते. ते "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाले आणि पट्टीला धार लावायला बसले. घरी बायको गंगव्वा आणि लग्नाच्या दोन मुली होत्या. मला हे ठाऊक होतं. तरीही मी हट्टाला पेटलो होतो, हे आता कबूल करायला हवं.

चाकं आणि चासी दुपारपर्यंत लख्ख झाली. मी हवेत होतो. मग बाजूच्या पत्र्याकडे वळलो. एका जागी लांबीचा, म्हणजे खड्डे बुजवायच्या लुकणाचा, जाड थर काही केल्या सुटेना. मी नॉझल जवळ नेलं, अगदी समोरून धरलं आणि तिथेच रोखून ठेवलं. रंग गेला, पण पत्रा पोटासारखा पुढे आला. हातानं दाबला की टुक्‌ करून आत जाई, सोडला की पुन्हा बाहेर. शेठ दुसऱ्या दिवशी सकाळी बघायला येणार होते.

अण्णांनी पत्र्यावर तळवा फिरवला. "मधुकरराव, समोरनं मारलंसा, म्हणून फुगला. तिरकं मारायचं. आन् एका जागी थांबायचं न्हाई."

त्यांनी नुसतं गप्प बसायचं होतं. यंत्र भंगारात गेलं असतं, मीही गेलो असतो आणि ते राहिले असते. पण त्यांनी गॅसची ज्योत पेटवली. फुगवट्यावर रुपयाएवढा ठिपका लाल करायचा, लाकडी हातोडीनं हलके ठोकायचा, लगेच ओलं गोणपाट दाबायचं. चर्र आवाज व्हायचा आणि पत्रा थोडा आखडायचा. असे पंचवीसेक ठिपके त्यांनी मारले. अंधार पडायच्या आत पत्रा ताठ झाला.

सकाळी शेठनी हात फिरवून पाहिला आणि ते खूश झाले. "मशीननं छान काम केलंय."

"व्हय मालक," अण्णा म्हणाले. "मशीनच चांगलं हाय."

माझी तेव्हा लाजेनं मान खाली गेली. मी शेठना सगळं सांगून टाकलं. पत्रा मी बिघडवला, अण्णांनी सावरला, आणि पत्र्याची नस कळणारा माणूस शेडमध्ये एकच आहे. शेठनी पत्र्यावर पुन्हा एकदा हात फिरवला. शेवटी म्हणाले, "मग नळी त्यालाच दे. वाळू तू चाळ."

आयुधपूजेला अण्णांनी नॉझलला हळदकुंकू लावलं, लिंबू कापलं आणि माझ्या हातावर पहिला पेढा ठेवला. मला आयुष्यात एवढा अभिमान परत वाटला नाही.

पुढची सात वर्षं त्यांनी झोत मारला. तिरका, न थांबणारा, एकही पत्रा न फुगवता. वाळूच्या ढगात तोंडाला ओला पंचा बांधून ते उभे असायचे. मी मागे, वारा जिकडून येई त्या बाजूला. त्या बाजूला उभं राहायचंही त्यांनीच मला सांगितलं होतं.

अडुसष्टला चार पायऱ्या चढताना त्यांना दम लागू लागला. मी त्यांना इस्पितळात घेऊन गेलो. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला, फुप्फुसांत साचलेल्या धुळीचे पांढरे ठिपके दाखवले आणि विचारलं, "किती वर्षं दगडाच्या खाणीत होता?"

"खाण कसली, सायेब," अण्णा म्हणाले. "गाड्यांचा रंग काढतो."

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. गंगव्वाअक्का आल्यागेल्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगत, "यांनी आमच्या घरातल्यांची नोकरी वाचवली." दोन्ही मुलींची लग्नं त्याच पगारावर झाली होती, त्यामुळे ते खोटंही नव्हतं. मी मान हलवायचो. माझा हात थोडा बरा असता, तर ती नळी माझ्याकडेच राहिली असती आणि तो फोटो माझ्या छातीचा असता, हे त्यांना सांगायला माझी जीभ कधीच उचलली नाही.