त्याला काही लागत नाही

“त्याला काही लागत नाही, असं तूच म्हणाली होतीस की,” नवरा म्हणाला.

ती फाटकाशी उभी होती. एका हातात दवाखान्यातली पिशवी, दुसरा हात पोटावरच्या टाक्यांवर. पित्ताशयातले खडे काढायला गेलेली बाई जखमेत पू झाल्यामुळे तीन आठवडे तिथेच अडकून पडली होती. आज सुटका झाली, आणि घरात पाऊल टाकण्याआधी तिची नजर गेली ती फाटकापासून पायरीपर्यंतच्या मातीच्या पट्ट्यावर. तिथे तिने जमिनीलगत पसरणारे गुलाब लावले होते. जाताना पट्टा बारीक गुलाबी फुलांनी असा भरलेला होता की खालची माती दिसत नव्हती. आता पायरीकडचा अर्धा भाग जळाल्यासारखा करपला होता. फाटकाकडचा अर्धा कसाबसा तग धरून होता, पण त्यातूनही हरळी माजली होती, आणि काट्यांत वेफर्सची पाकिटे, केसांचे एक गुंतवळ आणि कुणाचा तरी भिजून वाळलेला पायमोजा अडकला होता.

“पाणी घातलं नाहीत?”

“घातलं ना! रोज घातलं. फरशी पुसून झाली की बादली इथंच तर ओतायचो.”

“फिनेलची?”

“पाणी ते पाणी. त्यात काय एवढं?”

गटार घराच्या मागे होते. तिथपर्यंत बादली नेण्याचा कंटाळा, म्हणून पायरीवरूनच ओतून मोकळा. ती जरा वाकली तर मातीतून फिनेलचा आणि पुसण्याच्या फडक्याचा कुबट वास वर आला. तिला मळमळले. दवाखान्यात तीन आठवडे राहूनही मळमळले नव्हते तेवढे.

ही बाई तशी घाणीला भिणारी नव्हती. तिची उभी हयात एका तपासणी प्रयोगशाळेत गेली होती. लोक तोंड फिरवून, पिशवीत पिशवी घालून ज्या डब्या आणून द्यायचे, त्या उघडायच्या आणि आतला नमुना काचपट्टीवर घ्यायचा, हे तिचे काम. त्यानंतर साबणाने हात धुऊन ती खुशाल डबा खायला बसायची. नव्या मुली विचारायच्या, “बाई, तुम्हाला किळस कशी येत नाही?” ती म्हणायची, “अगं, ही घाण निदान झाकण लावून येते.”

घरात आल्यावर तिने स्वयंपाकघराच्या दारातूनच आत पाहिले. सिंकमध्ये भांड्यांचा ढीग, त्यावर पाण्याचा ओशट तवंग, जाळीत अडकलेले शिजलेले काहीतरी, ज्याला आता पांढरी लव आली होती. ओटा बोटाला चिकटत होता. दुधाच्या पातेल्याला हिरवट कड. आणि हात पुसायच्या टॉवेलला असा आंबूस वास की तो दारातूनच कळावा.

“आवरलंय बऱ्यापैकी,” नवरा मागून म्हणाला. “तू येणार म्हणून.”

माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. वाईट असता तर कडाकडा भांडता आले असते. तो दवाखान्यात रोज यायचा. खुर्चीत बसून पेपर वाचायचा आणि लोकांनी तिच्यासाठी आणलेली सफरचंदे एकेक करून संपवायचा. “तुला कुठं लागतात?” असे वर म्हणायचा. एकदा जखम साफ करताना सिस्टरने कापसाचा बोळा आत दाबला आणि विचारले, “लागतंय का, काकू?” तिने तोंड उघडायच्या आत खुर्चीतून उत्तर आले, “तिला काही लागत-बिगत नाही हो. टणक आहे ती.” सिस्टरने अजून जोरात दाबले. तिने पलंगाची दांडी घट्ट धरली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

या शब्दाचे मूळ फार जुने होते. लग्न होऊन घरात आली त्या आठवड्यात सासूबाईंनी विचारले होते, “तुला काय काय लागतं गं? सांगून ठेव.” नव्या सुनेने काय सांगायचे? लाजून म्हणाली, “मला काही लागत नाही.” बोलायची पद्धत असते एकेक. पण या घराने ते वाक्य दगडावरची रेघ म्हणून धरले. गाडीत जी जागा उरेल ती तिची. दिवाणखान्यातला पंखा सगळ्यांच्या डोक्यावर फिरायचा, तिच्या खुर्चीवर नाही. करपलेली पोळी, मोडक्या कानाचा कप, टॉवेल संपले की पंचा. कुणी मुद्दाम देत नव्हते. फक्त दुसऱ्या कुणाला ते नको असायचे.

आणि गंमत बघा, गुलाब आणताना तिने तेच वाक्य पुन्हा वापरले. ‘बागेची कटकट नको’ असा घरचा कायदा. रोपवाटिकेतला माणूस म्हणाला होता, “हा लोळणारा गुलाब न्या. छाटणी वर्षातून एकदा, औषध नाही, सुकलेली फुलं आपोआप गळतात. याला काही लागत नाही.” ते ऐकून तिच्या अंगावर शहारा आला. मग तिने तेच वाक्य घरी आणून नवऱ्यापुढे ठेवले आणि ठराव पास करून घेतला.

लागत नाही म्हणे! माती हातभर खणावी लागली. हरळीची पांढरी मुळे एकेक ओढून काढावी लागली, तुकडा राहिला की आठ दिवसांत पुन्हा वर. मुळे धरेपर्यंत वर्षभर पाणी, बुंध्याशी पालापाचोळ्याचा थर. ती हे सगळे सकाळी कामावर जायच्या आधी उरकायची, कोपरापर्यंत ओरखडे घेऊन. घरात कुणी उठलेले नसायचे. उठल्यावर त्यांना फुले दिसायची, आणि नवरा पाहुण्यांना सांगायचा, “आमच्याकडे गुलाब आपोआप येतो.”

संध्याकाळी ती व्हरांड्यात आली, तिथे नवरा पेपर वाचत बसला होता. तेवढ्यात मुलगा आला, आणि त्याच्याबरोबर हातात मोजपट्टी घेतलेला एक फरशीवाला.

“आई, आलीस? बरी दिसतेस.” तो तिच्याकडे न बघताच म्हणाला. “अगं, गाडी रस्त्यावर उभी करून करून पार वाट लागली. म्हटलं हा पट्टा काढून ब्लॉक बसवून घेऊ. उद्या काम सुरू. नाहीतरी ते सगळं वाळलंच आहे.”

“अर्धं जिवंत आहे,” ती म्हणाली.

“मग ते कुंडीत लाव ना मागे. त्याला काय लागतं?”

फरशीवाल्याने पट्टीचे टोक फाटकाशी धरले. मग बिचारा थांबला. म्हणाला, “काकूंना विचारलं का? म्हणजे झाडं त्यांनी लावलेली दिसतात.”

“तिचं काही नसतं हो,” मुलगा हसून म्हणाला. “तुम्ही घ्या माप.”

आपल्या पोटचा पोर. तिने त्याच्याकडे नीट पाहिले. मघाचा सिंकमधला वास पुन्हा नाकात भरला, आणि या खेपेला तिथे सिंक नव्हते. किळस आली तिला, स्वच्छ किळस: त्याच्या हसण्याची, नवऱ्याच्या हातातल्या पेपरची, आणि सगळ्यांत जास्त त्या ‘मला काही लागत नाही’ म्हणणाऱ्या गोड, लाजऱ्या पोरीची.

व्हरांड्यातली प्लास्टिकची खुर्ची तिने एका हाताने ओढत आणली, पट्ट्याच्या कडेला पसरलेल्या मोजपट्टीवरच ठेवली आणि तीत बसली.

“मला चहा लागतो,” ती म्हणाली.

“आत्ता?” मुलगा म्हणाला.

“आत्ता.”

तो आत गेला. भांड्यांचा खडखडाट झाला. मग आतून हाक आली, “आई, साखर किती?”

ती फाटकाकडच्या जिवंत झुडपांकडे बघत होती.

“नेहमीसारखी टाक की,” नवरा पेपराआडून ओरडला.

“नेहमीसारखी म्हणजे किती, बाबा?”

नवऱ्याने पेपर खाली घेतला. तिच्याकडे पाहिले, तिने पाहिले नाही. फरशीवाला आपल्या चपलेकडे बघत राहिला. “दोन चमचे,” नवरा शेवटी म्हणाला, परीक्षेत ठोकून द्यावे तसे.

चहा आला. कपाच्या बाहेरून ओघळ, आत साय. तिने एक घोट घेतला आणि कप परत दिला.

“मी साखर घेत नाही. तू पाचवीत होतास तेव्हापासून घेत नाही. धुतलेल्या कपात आण.”

“अगं, सांगायचंस ना मग!”

“सांगतेय.” तिचा आवाज चढला नाही. “मला बिनसाखरेचा चहा लागतो. धड कानाचा कप लागतो. पंख्याखालची खुर्ची लागते. आणि ही जागा लागते. दादा, तुम्ही पट्टी गुंडाळा. इथं ब्लॉक बसणार नाहीत.”

फरशीवाल्याने खुर्चीच्या पायाखालून पट्टी हळूच ओढून घेतली. “येतो, काकू,” म्हणाला आणि कुणी अडवायच्या आत निघून गेला.

“आता हे काय नवीन?” नवरा म्हणाला. “एवढंसं गवत...”

“मला वाकता येत नाही अजून. ती हरळी काढा.”

“मी?”

“तुम्ही. मुळासकट.”

तो बसला खरा, गुडघे कुरकुरत, तोंड वाकडे करत. फिनेल प्यायलेल्या त्या मातीत हात घालताना त्यालाही वास आला असावा, कारण त्याने नाक मुरडले. गवत वरून नुसते खुडत होता आणि मुळे तशीच. हेही शिकवायचे! तिला पुन्हा वीट आला. एवढ्याने काही सुटका होत नाही, हे तिला कळत होते. करपलेला अर्धा भाग काही परत येणार नव्हता, तो उपटावाच लागणार होता.

“आई गं!” नवऱ्याने झटक्यात हात मागे घेतला. मनगटापासून लाल रेघ उमटली होती. तो तिच्याकडे बघत राहिला, लहान मुलासारखा. “अगं, लागलं की मला!”

“हो,” ती म्हणाली. “लागतं.”

त्याची नजर तिच्या मांडीवरच्या हातांवर गेली. सुईच्या काळ्यानिळ्या डागांच्या वर, कोपरापर्यंत, तसल्याच कितीतरी जुन्या रेघा होत्या, पांढऱ्या पडलेल्या. त्याने मान खाली घातली आणि पुन्हा गवताला हात घातला, या वेळी जरा खालून.

मुलाने दुसरा चहा आणून दिला. पाणचट होता, पण बिनसाखरेचा. तिने तो सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. मग रिकामा कप पायरीवर ठेवला आणि उचलून आत नेला नाही.