खंडेनवमीला बंद केलेली मोटर

संयोगिताचा धाकटा भाऊ गिरीराज कामाला वाघ होता, पण घाई सुटली की त्याला आई-बाप आठवत नसत. जे. पी. नगरातल्या एका नव्या इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्याचं वॉटरप्रूफिंग या भावंडांनी घेतलं होतं. खड्डा तळघराच्याही खाली, जमिनीतलं पाणी भिंतींना भिडलेलं. बाहेरून एक मोटर रात्रंदिवस ते पाणी उपसत होती, म्हणून आत कोरडं दिसायचं.

"आधी मोटर बंद कर, पाणी चढू दे," संयोगिताने बजावलं होतं. "कुठून पाझरतं ते बघून ते सांधे फोडून भर. केमिकल त्यानंतर."

"सरी अक्का, तसंच करतो," तो म्हणाला, आणि ती सामानासाठी चिकपेटच्या बाजारात गेली तशी मोटर चालूच ठेवून कोरड्या भिंतींवर केमिकलचा हात फिरवून मोकळा झाला. ती परतल्यावर तोंड वर करून सांगितलं, "मोटर बंद करून बघितली, थेंब नाही." तिने विश्वास ठेवला. सख्ख्या भावावर नाही ठेवायचा तर कुणावर?

खंडेनवमी आली. त्या दिवशी यंत्र चालवायचं नाही, धुऊन पुजायचं, ही घरची रीत. गिरीराजने सकाळीच साइटवरचं एकूण एक मशीन बंद करून धुतलं. ती मोटरही बंद केली, तिला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. अहो, जी मोटर त्याचं पाप झाकत होती, तिलाच झोपवलं शहाण्याने! मनातसुद्धा आलं नाही त्याच्या.

दुपारी संयोगिता पूजेला आली तेव्हा लिफ्टचा फिटर फत्तेसिंग खड्ड्यात उतरून पूजेसाठी तळाच्या स्प्रिंगा पुसत होता. तिने वाकून पाहिलं. पाणी त्याच्या घोट्यांवर चढलं होतं.

"वर मशीनं धुतायत ना, तेच आलं असेल अक्का," तो खालून म्हणाला. त्याच्या हातातल्या दिव्याची वायर भिंतीवरून लोंबत होती, आणि तिचा टेप गुंडाळलेला जोड पाण्याला टेकायच्या बेतात होता.

"हलू नकोस!" ती किंचाळली आणि धावत जाऊन मेन स्विच पाडला. फत्तेसिंग अंधारात चाचपडत शिडीने वर आला. काय टळलं ते कळल्यावर शिडीशेजारीच बसला.

गिरीराज प्रसादाचे चुरमुरे घेऊन आला.

"मोटर बंद करून बघितली होतीस ना रे?"

तो चाचरला. "स्वल्प ओल आहे अक्का. लावतो की मोटर परत."

"आणि लोक राहायला आल्यावर? जन्मभर मोटरीचा टेकू घेऊन बसणार? मेला असता तो, मेल्या! भाऊ म्हणायची लाज वाटते तुझी!"

गिरीराजने गुपचूप मेन लावला, मोटर सुरू केली; खड्ड्यातल्या त्या वायरीतही वीज परतली. मग फत्तेसिंगला म्हणाला, "पाणी उतरेल आता. उरलेल्या स्प्रिंगा पुसून घे, मुहूर्त टळतोय."

आणि फत्तेसिंग, आत्ताच मरणाच्या दारातून आलेला तो माणूस, मुकाट्याने उठला. त्याने शिडीवर पाय ठेवलासुद्धा.

ते मात्र तिला सोसलं नाही. तिने त्याला दंडाला धरून मागे ओढलं, शिडी खेचून वर काढली आणि गिरीराजच्या पायांशी आपटली.

"ज्याला मुहूर्त गाठायचाय ना, त्याने मारावी उडी!"