कपाटामागचा पायगुण

मी एक जुनी हॉकी स्टिक आहे, आणि माझी कितीतरी वर्षं बिबवेवाडीतल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, लोखंडी कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत गेली आहेत. उभी होते म्हणाल तर उभी नाही, आडवी म्हणाल तर आडवीही नाही. तिरकी. माझा वाकडा पाय कपाटाच्या मागच्या पायात अडकलेला आणि मूठ भिंतीला टेकलेली. मित्रांनो, बसमध्ये दोन जाड माणसांच्या मध्ये तुम्ही कधी उभे राहिला असाल, तर थोडीफार कल्पना येईल. फरक इतकाच, की माझा स्टॉप येत नव्हता.

माझा जन्म तुतीच्या लाकडातून झाला. जालंधरच्या एका कारखान्यात वाफ देऊन माझा पाय वाकवला, वर वेताची मूठ बसवली आणि मला पुण्याला धाडलं. कॅम्पातल्या एका खेळाच्या दुकानात दशरथ आला. तेव्हा तो चांगला उंचापुरा, कंपनीच्या संघात डावीकडे बचावाला खेळणारा. त्यानं दुकानातली एकेक स्टिक उचलून, हातात तोलून, पुन्हा जागेवर ठेवली. मग पहिलीपासून परत सुरुवात केली. शेवटी दुकानदार म्हणाला, "साहेब, स्टिक घ्यायची आहे की स्थळ बघायला आलाय?" दशरथनं मला उचललं, आणि त्यानंतर कोणाकडे पाहिलं नाही. खोटं कशाला सांगू, मी सुखावले.

आमचे ते दिवस छान होते. खडकीच्या मैदानावर एकदा गोलरेषेवरून चेंडू मी परतवला आणि कंपनीचा संघ जिंकला. घरी आल्यावर दशरथनं मला जवसाचं तेल चोळलं. त्याच्या आईनं, मुक्ताईनं, माझ्या पायाला कुंकू लावलं आणि म्हणाली, "आता ही घरातलीच झाली." मी ते खरं मानून बसले.

पुढे दशरथचा गुडघा गेला. मैदानावर गेला असता तर सांगायला तरी बरं होतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, तो गोलरेषेवरचा चेंडू आपण कसा अडवला हे वॉचमनला करून दाखवताना तो सांडलेल्या पाण्यावरून घसरला. खेळ सुटला. मग मी माळ्यावरचा डबा ओढू लागले, बोक्याला हुसकू लागले, गणपतीत मांडवाला टेकू देऊ लागले. कामाची मला लाज नाही. हात लागत होता, बाहेरचं दिसत होतं, हे काय कमी होतं?

आणि खेळ सुटला तरी हॉकी कुठली सुटायला! दशरथ टीव्हीसमोर खेळू लागला. मॅच असली की तोच बनियन, तेच स्टूल आणि हातात मी. समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला की घरात कोणी पाणी प्यायचं नाही. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली की हा पंचांशी भांडायला उठायचा. एकदा रिप्ले बघता बघता त्यानं मला असं फिरवलं की ट्यूबलाइट खळकन खाली आली. त्याची बायको भाग्यश्री केरसुणी घेऊन आली आणि शांतपणे म्हणाली, "गोल झाला असेल तर बाजूला व्हा, काचा भरते."

मग तो टोकियोचा दिवस आला. कांस्यपदकाची मॅच, सकाळची वेळ. जर्मनीनं तिसरा गोल केला, आपला एकच होता. दशरथनं "गेलं सगळं" म्हणून मला कपाटाला टेकवलं, टेकवलं कसलं, आदळलंच, आणि मी सरकत सरकत मागच्या फटीत जाऊन पडले. भाग्यश्रीनं मला काढायला फटीत हात घातला आणि त्याच क्षणी आपला गोल झाला. "हात काढ," दशरथ ओरडला. "आधी हात बाहेर काढ." तिनं काढला. लगेच आणखी एक गोल, तीन-तीन. पुढचं तुम्हाला माहीत आहे. एक्केचाळीस वर्षांनी पदक आलं. सगळा देश नाचत होता आणि इथं दशरथ कपाटाला हात जोडून उभा होता. "हिचा पायगुण," तो म्हणाला. "आता हिला कोणी हलवायचं नाही."

मी काय केलं होतं? पडले होते, एवढंच.

त्या दिवसापासून मी घरातली सर्वांत मानाची आणि सर्वांत अडकलेली वस्तू झाले. मला मॅच दिसायची नाही, फक्त ऐकू यायची. गोल झाला की दशरथ कपाटावर थाप मारायचा आणि माझ्या हाडांपर्यंत हादरा बसायचा. पावसाळ्यात भिंतीला ओल यायची, मुठीवरची पट्टी कुजत जायची. सोबतीला एक पाल, भाग्यश्रीच्या केसांचा एक आकडा आणि डांबराची गोळी. घराला रंग लावायला माणसं आली, तेव्हा मला वाटलं सुटले. दशरथ त्यांना म्हणाला, "कपाटामागचं राहू दे." रंगारी म्हणाला, "साहेब, मागं पोपटीच राहील." दशरथ म्हणाला, "राहू दे ना, कपाट काय तक्रार करतंय?" कपाट करत नव्हतं. मी करत होते, पण माझं ऐकतो कोण?

संघ हरला की दोष माझा कधीच नसायचा. भाग्यश्रीचा पोछा मला लागला म्हणून, शेजारचे मध्येच साखर मागायला आले म्हणून. आणि पॅरिसला पुन्हा कांस्य मिळालं तेव्हा तर माझ्या सुटकेवर मी पाणीच सोडलं.

खंडेनवमीला घराघरांत हत्यारं, अवजारं बाहेर काढतात, पुसतात, पुजतात. दशरथ काय करायचा? फटीपाशी उभा राहून हळदकुंकू आत उडवायचा आणि वरून झेंडूचं फूल टाकायचा. फूल माझ्यापर्यंत पोचायचंही नाही, मध्येच अडकून वाळायचं. मुक्ताई दरवर्षी म्हणायची, "दशरथा, पुजायचं म्हंजी बाहेर काढून पुसायचं असतंय. कोंडलेल्या हत्याराची कसली रं पूजा?" तो म्हणायचा, "आई, तुला हॉकीतलं कळत नाही." मुक्ताई आपली विळी पुसायला घ्यायची. मला मात्र त्या दिवशी रडायला यायचं. लाकडाला रडू येत नाही म्हणतात, म्हणोत बापडे.

अशातच खालून, पार्किंगमधून, एक आवाज येऊ लागला. ठक. मग थोड्या वेळानं पुन्हा ठक. चेंडू भिंतीवर आपटून स्टिकवर परत येण्याचा आवाज. माझं अंग शहारलं. दशरथची मुलगी शेफाली आठवीत गेली होती आणि शाळेच्या संघात खेळू लागली होती. बापासारखीच बचावाला. एके दिवशी तिनं मोबाइलचा टॉर्च फटीत मारला. इतक्या वर्षांनी माझ्याकडे सरळ बघणारा तो पहिला चेहरा.

"बाबा, ही मला चालेल?"

"चालेल काय, पळेल. पण आत्ता नको. ही स्पर्धा होऊ दे."

ती स्पर्धा झाली, मग दुसरी आली. हॉकीच्या स्पर्धा संपतच नाहीत हे मला त्या फटीत कळलं. बापाचं मन खात असावं, कारण त्यानं तिच्यासाठी मोबाइलवरून नवी स्टिक मागवली. फोटोत झकास दिसत होती म्हणे. खोकं उघडलं तर आत बालवाडीतल्या पोराला पुरेल एवढीशी स्टिक, गुलाबी मुठीची. भाग्यश्री म्हणाली, "छान आहे. वरण घोटायला होईल." परत पाठवू, पाठवू म्हणता मुदत उलटली आणि ती चिमुकली कपाटावर जाऊन बसली.

शेफाली शाळेच्या स्टिकवर भागवत राहिली. जिल्ह्याच्या संघाची निवड रविवारी पिंपरीला होती, आणि नेमकी आदल्या शुक्रवारी सरावात शाळेची स्टिक तडकली. निवडीला ज्याची त्यानं स्टिक आणायची असा नियम. शनिवारी दुकानात नेतो म्हणालेल्या दशरथला कंपनीत जादा पाळी लागली, तो आला तेव्हा दुकानं बंद. "काळजी करू नको," तो शेफालीला म्हणाला. "उद्या सकाळी सातला मॅच आहे, ती झाली की कपाट सरकवतो आणि हीच देतो. मग आपण स्कूटरवरून सुसाट जाऊ."

मी ऐकलं आणि माझा जीव टांगणीला लागला.

रविवारी मॅच सुरू झाली, पण तिकडे परदेशात वीज कडाडू लागली म्हणून थांबवली. पुन्हा सुरू झाली तेव्हा इकडे शेफाली वेणी घालून, मोजे-बूट चढवून दारात उभी होती. ही मॅच कुठली, ते मी सांगणार नाही. तिचं खापर अजून कोणावर फुटायचं ठरलेलं नाही.

"बाबा, रिपोर्टिंग साडेनऊला आहे. ट्रॅफिक लागलं तर गेटवरच थांबवतील."

"झालंच. शेवटचा क्वार्टर. आपण एकनं पुढे आहोत, आत्ता हलवली तर..."

शेफाली हट्ट करणारी नाही. ती बूट काढायला खाली बसली. लेस सोडल्याचा आवाज मला फटीत ऐकू आला. मित्रांनो, त्या घरात मी खूप आरडाओरडा ऐकला, पण त्या आवाजानं जेवढी हलले तेवढी कशानंच नाही. मीही कोंडलेली आणि तीही, आणि दोघींचा कोंडणारा एकच.

भाग्यश्री चहा गाळत होती. गाळणं हातात तसंच धरून ती बाहेर आली. आवाज चढवला नाही.

"अहो, टीव्हीत अकराच्या अकरा जणांकडे आपापली स्टिक आहे. आपल्या एकटीकडे नाही."

दशरथ टीव्हीकडे बघत राहिला. मग स्टुलावरून उठला, गुडघा कुरकुरला, आणि त्यानं कपाटाला खांदा लावला. कपाट हललं, वरची बॅग खाली आली, तिच्यामागून चिमुकली स्टिक त्याच्या डोक्यावर. त्यानं हात घालून मला धरलं. किती वर्षांनी तो तळवा, तोच, फक्त जरा मऊ झालेला. मी अर्धी बाहेर आले आणि तेवढ्यात टीव्हीवर आरडाओरडा झाला. समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर.

दशरथचा हात थांबला. आत ढकललं असतं तर मी आत, ओढलं असतं तर बाहेर. त्याच्या बोटांचा घाम माझ्या मुठीला लागत होता. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे, मी काही करत नाही रे, मी कधीच काही केलं नव्हतं. कोपऱ्यातून मुक्ताई म्हणाली, "वढ की आता."

त्यानं ओढलं. मी बाहेर आले आणि तिकडे गोल झाला.

दशरथनं टीव्ही बंद केला. मॅच पुरी न बघता टीव्ही बंद झालेला त्या घरात कोणी पाहिला नव्हता. माझ्या अंगावरची जळमटं, वाळलेला झेंडू, कडक झालेलं हळदकुंकू त्यानं स्वतःच्या बनियननं पुसलं, त्याच लकी बनियननं. कुजलेली पट्टी फाडून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. शेफाली परत लेस बांधत होती.

स्कूटरवर मी तिच्या पाठीला टेकून होते. वारा, धूर, हॉर्न, सिग्नल. मला सगळंच गोड लागत होतं.

पिंपरीचं मैदान निळ्या, कृत्रिम गवताचं होतं. मी गवतावर आणि मातीवर खेळलेली, मला वाटलं हौद आहे. पहिला चेंडू लागला तेव्हा हातापायांत मुंग्या आल्या, दुसरा निसटला. तिसरा शेफालीनं अशा जोरानं अडवला की माझ्या पायात बारीक चीर गेली. दुखलं, पण हे दुखणं माझं स्वतःचं होतं. जाळीबाहेर दशरथ उभा होता. इथं ना स्टूल, ना कपाट, ना शुभ-अशुभ. हात कुठं ठेवावेत हेच त्याला कळेना. शेवटी त्यानं ते जाळीत अडकवले आणि पोरीला खेळताना नुसतं पाहिलं.

शेफालीचं नाव राखीव खेळाडूंत लागलं. ती जरा हिरमुसली. दशरथ म्हणाला, "राखीव म्हणजे संघातच की. मी बघायला येणार." आणि खरंच येतो. माझ्या चिरेवर त्यानं चिकटपट्टी लावली आहे, शेफालीची नवी स्टिक आली आहे, आणि मी आता दाराशी छत्र्यांच्या शेजारी उभी असते. सरावाला मी अजून जाते. या खंडेनवमीला मुक्ताईनं मला पुसून पाटावर ठेवलं.

माणूस बदलला, असं सांगून मी थांबले असते. पण पुढच्याच मॅचला दशरथ कपाटापाशी घुटमळला, इकडेतिकडे पाहिलं, आणि ती गुलाबी मुठीची चिमुकली स्टिक त्यानं फटीत सोडली. आपण जिंकलो. आता बोला.

ती अजून तिथंच आहे. घर शांत असलं की तिचा आवाज येतो. "ताई, चेंडू कसा असतो?" मी सांगते, पण सांगून काय कळणार? तिला तो एकदाही लागलेला नाही. मित्रांनो, तुमच्या घरात चार-पाच वर्षांचं पोर असेल, तर त्याला घेऊन बिबवेवाडीला या आणि ती मागून न्या. दशरथ वाईट नाही, पोरानं हात पुढे केला तर देऊन टाकेल. फक्त मॅच चालू असताना येऊ नका.