बिननावाचा कागद

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी मी शाळेचं कार्यालय उघडते. आधी फोनवरचे निरोप ऐकायचे, कारण कोणत्या शिक्षकाला ताप आला आहे आणि कोणाची गाडी बर्फात अडकली आहे हे सातच्या आत कळलं तरच बदली शिक्षक मिळतो. मग कॉफीचं यंत्र सुरू करायचं, जेवणाचे आकडे मागवणाऱ्या चिठ्ठ्या वर्गावर्गासाठी वेगळ्या काढायच्या, हजेरीचा संगणक लावायचा. एवढं होईतो ड्वेन ओस्टरहाउटने बाहेरच्या पायऱ्यांवर मीठ पसरलेलं असतं, झेंडा चढवलेला असतो आणि तळघरातला बॉयलर त्याच्या शिव्या खाऊन तापू लागलेला असतो. सव्वीस वर्षं ही इमारत त्याच्या हाताखाली आहे. मी त्याच्याही तीन वर्षं आधीपासून इथे सचिव आहे.

फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी मी कॉफीचा पहिला पेला घेऊन शिक्षकांच्या खोलीत गेले आणि भिंतीवरच्या दोन कागदांसमोर उभी राहिले.

आमच्याकडे कोणाची पगारी रजा अपुरी पडणार असली की त्याच्या नावाचा कागद भिंतीवर लागतो. ज्याला आपल्या रजेतले दिवस द्यायचे असतील त्याने सही करून पुढे आकडा लिहायचा. तिसरीच्या केल्सी ब्रांटला मार्चमध्ये पहिलं मूल होणार होतं आणि तिला सहा आठवड्यांचे तीस दिवस हवे होते. तिच्या कागदावर त्रेचाळीस जमले होते. कोणी शेजारी बदाम काढला होता, कोणी बाळाचे इवले पाय. ड्वेनचा कागद गुरुवारपासून तिथेच होता. त्यावर त्याच्या नावाखेरीज काही नव्हतं.

ड्वेनच्या आतड्यात गाठ निघाली होती. येत्या सोमवारी शहरात शस्त्रक्रिया, त्यानंतर निदान आठ आठवडे काम बंद. त्याच्या खात्यावर नऊ दिवस उरले होते, कारण बाकीचे सगळे गेल्या वर्षी मार्लीनच्या, त्याच्या बायकोच्या, उशाशी बसण्यात संपले. मोठ्या जागी माणूस बारा आठवडे बिनपगारी राहिला तरी त्याची नोकरी आणि नोकरीबरोबर मिळणारा आजारपणाचा विमा कायद्याने टिकतो. पण त्या कायद्याला पन्नास माणसं लागतात आणि आमच्या शाळेत आम्ही एकेचाळीस आहोत. नऊ दिवस संपले की पगार थांबणार, आणि महिना सरला की पगाराबरोबर विमाही. म्हणजे शस्त्रक्रिया विम्यात आणि त्यानंतरची केमो विम्याबाहेर.

हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचप्रमाणे हेही ठाऊक होतं की डिसेंबरात फ्यूज उडतात म्हणून ड्वेनने शिक्षकांच्या टेबलांखालचे अकरा छोटे हीटर उचलून तळघरात कोंडले होते.

दुपारी जेवताना मीच विषय काढला.

"माझी बोटं अजून गार आहेत, व्हर्ला," गॅरी प्रुएट म्हणाला. हा आमचा खेळाचा शिक्षक. "त्याला म्हणावं, आधी हीटर दे, मग दिवस माग."

"तू जिममध्ये असतोस. तुला हीटर कशाला लागतो?" भटारखान्यातली लव्हॉन दारातून म्हणाली.

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व! डोनट उरला की तुझं तत्त्व कुठे जातं ते मी रोज बघते."

हशा झाला. गॅरीही हसला. मग सँडविचचा कागद चुरगाळत म्हणाला, "हे बघ, मी काही कंजूस नाही. केल्सीला पाच दिले ना? पण माझा दिवस कोणाकडे जातो हे मला कळायला हवं. ते ठरवायचा हक्क माझा. नाहीतर मग ते सरकारच झालं."

हे वाक्य मी स्वतःही अनेकदा बोलले होते. माझी चुलतबहीण बीर्थे तीन वर्षांपूर्वी डेन्मार्कहून आली तेव्हा मी तिला मोठ्या अभिमानाने याच भिंतीपाशी आणलं होतं. तेव्हा एका शिक्षिकेसाठी साठ दिवस जमले होते. "आम्ही आमची माणसं अशी सांभाळतो," मी म्हणाले होते. बीर्थेने सगळ्या सह्या वाचल्या, फार छान आहे म्हणाली, आणि अगदी सहज विचारलं, "आणि ही बाई कोणाला आवडत नसती तर?" मला तो प्रश्न खवचट वाटला. जिच्या देशात आजारी पडायला लोकप्रिय असावं लागत नाही, तिच्या डोक्यात तो आपसूक येणारच, हे मला त्या मंगळवारी, त्या कोऱ्या कागदासमोर समजलं.

तीन वाजता बस सुटल्यावर ड्वेन कार्यालयात आला. टोपी हातात, बूट दाराबाहेर. स्वतःच्या फरशीवर तोही बुटांनी येत नाही.

"तो कागद काढ, व्हर्ला."

"रॅडमाकरने लावलाय." रॅडमाकर म्हणजे आमचा मुख्याध्यापक.

"मला विचारून लावलेला नाही. मी कोणापुढे हात पसरलेला नाही आणि पसरणारही नाही. पाच दिवस माझं नाव तिथे लटकतंय. काल चौथीतल्या एका पोरीने मला विचारलं, तुम्हाला कोणीच का नाही दिलं?"

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, बूट पूस."

मला हसू आलं. तो हसला नाही.

"ड्वेन, महिनाअखेरीनंतर काय करणार आहेस?"

"घर विकेन. नाहीतर तीन आठवड्यांत कामावर येईन."

"पोट शिवलेलं असताना?"

"बॉयलरला काय कळतंय?" असं म्हणून तो गेला.

मी त्याच्या मागोमाग शिक्षकांच्या खोलीत गेले आणि त्याचा कागद काढला. मग केल्सीच्या कागदाकडे पाहत थोडा वेळ थांबले, आणि तिच्या वर्गात गेले. ती छोट्या खुर्चीवर पाय पसरून वह्या तपासत होती. याच शाळेत शिकलेली असल्यामुळे ती मला अजून नावाने हाक मारत नाही.

"मिसेस क्नुडसन, बसा ना."

"बसले तर या खुर्चीतून उठवायला ड्वेनलाच बोलवावं लागेल." मी उभ्या उभ्याच सांगितलं. "पोरी, मला तुझा कागद काढायचाय. त्याच्या जागी एकच कागद लावणार, कोणाच्याच नावाचा नाही. देणाऱ्याने आकडा लिहायचा आणि ज्याला लागतील त्याने दिवस घ्यायचे. जुन्या सह्या तुझ्या नावावरच्या आहेत, त्या मी परस्पर हलवणार नाही. सगळ्यांना नव्याने विचारणार. म्हणजे तुझे त्रेचाळीस आज हातात आहेत, उद्या किती असतील ते मला सांगता येत नाही. तू नाही म्हणालीस तर मी हा विषय परत काढणार नाही."

तिने लाल पेन खाली ठेवलं. "कमी पडले तर?"

"तर तुला पाचव्या आठवड्यात यावं लागेल. खोटं कशाला सांगू?"

तिने पोटावर हात ठेवला. "माझाही हीटर नेलाय त्यांनी," ती म्हणाली. "पण कागदावरचे ते बदाम बघून मला रोज कसंतरी होतं. मी जरा कमी गोड असते तर, असं वाटतं. काढा तुम्ही."

बुधवारी सकाळी मी नियमपुस्तिका घेऊन रॅडमाकरच्या खोलीत गेले.

"रजेची यादी सचिव ठेवील, एवढंच यात आहे," मी म्हणाले. "यादीवर घेणाऱ्याचं नाव असावं असं कुठे आहे?"

त्याने ते कलम दोनदा वाचलं. "नाही. पण व्हर्ला, लोकांना हे आवडणार नाही."

"मी त्यांना आवडेल का असं विचारत नाहीये."

त्याने पुस्तिका मिटून परत दिली.

नवा कागद मी टाइप केला. दोनच रकाने होते: सही आणि दिवस. पहिली सही माझी, पुढे बारा. कंबरेच्या शस्त्रक्रियेसाठी मी अडतीस दिवस साठवले होते. ती उन्हाळ्याच्या सुट्टीत करून घ्यायची असं ठरवलं. दुसरी सही लव्हॉनची, पुढे एक. तिला वर्षाला मिळतातच पाच, आणि त्यातले तीन नातवाच्या कानदुखीने खाल्ले होते. मग मी जुना कागद हातात घेऊन प्रत्येकीच्या आणि प्रत्येकाच्या दारात गेले. दोघींनी दिवस परत घेतले. एकीने मला ढोंगी म्हटलं, कारण मागच्या निवडणुकीत माझ्या अंगणात, असल्या सामाईक मदतीला विरोध करणाऱ्या उमेदवाराची पाटी होती हे तिने पाहिलं होतं. तिचं खरं होतं. मी तिला तसं सांगितलं आणि पुढच्या दारात गेले.

गॅरी म्हणाला, "म्हणजे माझे पाच केल्सीलाच जातील याची खात्री काय?"

"काही नाही."

"मग मी का देऊ?"

"गॅरी, तुझा गुडघा अजून किती वर्षं टिकेल?"

"गुडघ्याला मध्ये आणू नकोस."

गुरुवारी त्याच्या नावापुढे दोन लिहिलेले दिसले. पाचाचे दोन झाले. पण लिहिताना त्याने कोणाचं नाव विचारलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारपर्यंत चौसष्ट दिवस जमले. दोघांना मिळून एकसष्ट लागणार होते. ड्वेन दिव्याची नळी बदलायला शिक्षकांच्या खोलीत आला होता. शिडी भिंतीला टेकवून तो कागदापुढे उभा राहिला आणि वरपासून खालपर्यंत वाचत गेला.

"यातून घ्यायचे कोणी?"

"ज्याला लागतील त्याने."

"माझं नाव नाही कुठे."

"कोणाचंच नाही."

तो पुन्हा एकदा वाचू लागला. मग म्हणाला, "मला एकतीस लागतील."

"चल, फॉर्म भर."

तो माझ्या मागून कार्यालयात आला, दाराशी बूट काढले, आणि टेबलाशी उभा राहून मोठ्या चौकोनी अक्षरांत फॉर्म भरला. मी तारीख तपासली, शिक्का मारला आणि तो कागद रॅडमाकरच्या ट्रेमध्ये, दुधाच्या मागणीपत्राच्या वर ठेवला.